मुखरोग व दंतविकृती : लक्षणांवरून ओळख (लासूर स्टेशन परिसर)

मुखरोग व दंतविकृती : ओठ, गालफडे, हिरड्या, दात, जीभ, टाळू व जिभेखालची जागा यांत होणारे आजार आणि जन्मजात वा पुढे उद्भवलेले रचनादोष. ही नोंद छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशन व भोवतालची पंचक्रोशी समोर ठेवून केली आहे. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरचे (दक्षिण मध्य रेल्वे, नांदेड विभाग) हे बाजाराचे गाव असून मोठ्या उपचारासाठी येथील रुग्ण जिल्ह्याच्या शहराची वाट धरतो. दंतक्षयाची माहिती शालेय पुस्तकांतही सापडते, म्हणून तिला येथे थोडीच जागा दिली आहे. सुपारी-तंबाखूजन्य विकारांना मुद्दाम अधिक दिली आहे.

मुखरोगांत वेदना हे गांभीर्याचे माप नव्हे. तोंड येणे किंवा दाढ ठणकणे माणसाला रात्रभर जागे ठेवते आणि बहुधा जिवावर बेतत नाही. पांढरा वा लाल चट्टा, न भरणारी जखम, हळूहळू मिटत जाणारे तोंड यांत सुरुवातीला दुखत नाही, म्हणून ती दाखवली जात नाहीत. पुढील विवेचनाचा क्रम या निकषावर ठरवला आहे, रोगांच्या संख्येवर नाही.

प्राचीन वर्गीकरण : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ६५ मुखरोग सांगितले आहेत : ओठांचे ८, हिरड्यांचे (दंतमूलगत) १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, कंठाचे १७ आणि सर्व मुखात पसरणारे ३. वाग्भटाने ही संख्या ७५ दिली आहे. सुश्रुताच्या कंठरोगांतील ‘विदारी’ म्हणजेच आजची मुखतंतुमयता, असे काही लेखक मानतात. मूळ वर्णनात दाह असला तरी लाल सूज व दुर्गंधीही आहे आणि ती तंतुमयतेशी जुळत नाही. याविषयी एकमत नाही.

मुखतंतुमयता (ओरल सबम्युकस फायब्रोसिस) : तोंडाच्या आतल्या मऊ अस्तराखाली तंतूंचे जाळे घट्ट होत जाऊन तोंड उघडेनासे होणे. श्वार्त्झ यांनी १९५२ मध्ये केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये ही अवस्था वर्णिली. लगेच १९५३ मध्ये एस. जी. जोशी यांनी भारतीय कान-नाक-घसा नियतकालिकात टाळू व घशाच्या कमानींच्या तंतुमयतेवर लिहिले. मुख्य कारण सुपारी. तिच्यातील अरेकोलीन तंतू तयार करणाऱ्या पेशींना चेतवते आणि तिच्यातील तांबे त्या तंतूंना एकमेकांत घट्ट बांधणाऱ्या विकराला बळ देते. तंबाखू नसलेली ‘गोड’ किंवा ‘सुगंधी’ सुपारीही त्यामुळे निर्दोष नाही. लहान मुलांच्या हाती ती सहज पडते, हा या रोगाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसी) २००४ मध्ये सुपारीला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकले.

ओळखण्याचा क्रम साधारण असा. आधी तिखट सोसेनासे होते. ठेचा, झणझणीत रस्सा, पुढे साधी फोडणीची भाजीसुद्धा तोंड जाळते. टाळूवर बारीक फोड येतात व जातात. मग गालाचा आतला भाग गुलाबी न राहता फिका, संगमरवरासारखा पांढुरका दिसतो. गालात बोट घालून चाचपले तर ताणलेल्या दोऱ्या हाताला लागतात. पडजीभ आखडते, जीभ पुरती बाहेर येत नाही, गाल फुगवता येत नाहीत, शिट्टी वाजत नाही, चूल फुंकता येत नाही. रुग्ण बहुधा यांतले काहीच सांगत नाही. ‘पाणीपुरी तोंडात जात नाही’ एवढेच म्हणतो, आणि निदानाला तेवढे पुरते.

घरी करावयाची चाचणी बोटांची : स्वतःची तर्जनी, मधले बोट व अनामिका एकावर एक धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये उभी घालावी. तिन्ही गेली तर तोंड बहुधा पुरेसे उघडते (निरोगी प्रौढात सुमारे ४० मिमी.). दोनच गेली तर दंतवैद्याला दाखवावे. एकच जात असेल तर रोग बराच पुढे गेलेला असतो. अशा रुग्णाची किडलेली दाढ काढणेही अवघड होते, कारण हत्यार आत पोचत नाही.

तयार झालेले तंतू पूर्ववत होत नाहीत. सवय तत्काळ थांबवणे, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांत एकेक वाढवत तोंड ताणण्याचा व्यायाम, गालात स्टेरॉइड व हायल्युरोनिडेजची इंजेक्शने आणि शेवटी शस्त्रक्रिया असे उपचार आहेत. व्यायाम सोडला तर शस्त्रक्रियेने मिळालेले मिलिमीटर परत जातात. कर्करोगात रूपांतर होण्याचे प्रमाण निरनिराळे दिले जाते. केरळातील एर्नाकुळम जिल्ह्यात ६६ रुग्णांचा १७ वर्षे मागोवा घेतला तेव्हा ते ७.६ टक्के आढळले.

पुडीचा इतिहास : विदर्भात खर्रा, इकडे मावा. सुपारीचे कात्रण, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून हे मिश्रण बनते. गुटख्याच्या तयार पुड्यांनी हा प्रकार शाळकरी वयापर्यंत खाली आणला. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये टिकली नाही. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये जुलै २०१२ मध्ये नवी बंदी आली. ती एकेका वर्षासाठी असते व दरवर्षी वाढवली जाते. पुढे सुगंधी सुपारी, खर्रा व मावाही तिच्यात आले. पानमसाला व तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकून ग्राहकाने त्या तळहातावर एकत्र कराव्यात, ही पळवाट सर्वपरिचित आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत (गॅट्स-२) महाराष्ट्रातील १५ वर्षे व त्यावरील २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले. धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के. म्हणजे या राज्यात तंबाखूचा प्रश्न आधी तोंडाचा आहे, मग फुप्फुसाचा.

पांढरे व लाल चट्टे : तंबाखू मळून जेथे ‘बार’ भरला जातो, त्या खालच्या ओठाच्या वा गालाच्या खोबणीतच सुरकुतलेला पांढरा चट्टा दिसतो. सवय सोडल्यावर काही चट्टे विरतात. कापसाच्या बोळ्याने पुसून निघत नाही आणि ज्याचे दुसरे कारण सापडत नाही, अशा पांढऱ्या चट्ट्याला ल्यूकोप्लेकिया म्हणतात. पुसल्यावर निघणारा दह्याच्या कवडीसारखा थर बुरशीचा (कँडिडा) असतो. तो मधुमेही, कवळी वापरणारे, तान्ही मुले व दम्याचा पंप घेणारे यांत आढळतो. दोन्ही गालांत सारखी, जाळीदार पांढरी नक्षी असेल तर लायकेन प्लॅनसचा विचार करावा. दुखऱ्या दाढेशेजारी हिरडीवर वेदनाशामक गोळी ठेवण्याची खोड अनेकांना असते; तिने अस्तर भाजून पांढरे पडते व काही दिवसांत बरे होते. मखमली लाल चट्टा (एरिथ्रोप्लेकिया) क्वचित दिसतो, पण पांढऱ्यापेक्षा कितीतरी अधिक घातक असतो.

महाराष्ट्रात या विषयाचा पाया मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने घातला. फली मेहता, प्रकाश गुप्ता, दफ्तरी, चोक्सी व डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गावोगाव घरी जाऊन केलेली ही पाहणी आजही आधारभूत मानली जाते.

मशेरी : तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. दात घासण्याच्या नावाखाली, विशेषतः स्त्रियांत, दिवसातून अनेकदा हिरड्यांना लावली जाते. पुष्कळदा सुरुवात दातदुखीवरचा उपाय म्हणून होते. हिला व्यसन न म्हणता दंतमंजन म्हटले जाते, त्यामुळे ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मशेरी लावणारी बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. तपासणाऱ्याने मशेरीचे नाव घेऊनच विचारावे.

मुखकर्करोग : भारतात गाल व हिरडी यांमधील खोबणीत विशेष, तसेच जिभेच्या कडेला. कडा टणक व उंचावलेल्या, तळ खरबरीत, हात लावताच रक्त येणारी, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम. कारण नसता हलू लागलेला दात. दाढ काढल्यानंतर न भरणारा खड्डा. ओठ बधिर होणे. जबड्याखाली वा मानेत न दुखणारी गाठ. तुकडा काढून तपासल्याने रोग पसरतो ही समजूत निराधार असून तिच्यापायी अनेकांचे महिने वाया जातात. केवळ उजेडात तोंड पाहण्याच्या तपासणीचा उपयोग तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील दीर्घ चाचणीत दिसला : तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांत मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले (२००५).

दंतक्षय (दात किडणे) : जंतू साखरेपासून आम्ल बनवतात व ते दाताचे कवच विरघळवते. खडूसारखा पांढरा ठिपका, तपकिरी खळगा, थंड-गोडाची कळ, रात्रीचा ठणका, मग गळू, असा क्रम. काटेरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातून ‘कीड’ पाडून दाखवणारे खेड्यापाड्यांत होते. दाखवले जाते ते बहुधा बियांतलेच असते. हनुवटीवर वा गालावर वर्षानुवर्षे वाहणारे, मलमाने न बरे होणारे छिद्र पुष्कळदा किडलेल्या दाताचे असते, हे मात्र लक्षात ठेवावे. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना टणक सूज, ताप व गिळण्यास त्रास असल्यास शेक देत बसू नये. ती तातडीची अवस्था आहे.

हिरड्यांचे विकार : ब्रशला रक्त, मुखदुर्गंधी, उघडी पडलेली मुळे, हलणारे दात (पायरिया). मधुमेहात वेगाने वाढतो. ‘दात साफ केले की हलतात’ हे उलट आहे : कीटणाने धरून ठेवलेले, आधीच सैल झालेले दात कीटण गेल्यावर उघडे पडतात.

तोंड येणे : लहान, गोल, लाल काठाचे व्रण; सात ते चौदा दिवसांत आपोआप बरे होतात.

फ्ल्युओरोसिस : कायमचे दात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, पाण्यातून जादा फ्ल्युओराइड गेल्यास दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे खडूसारखे पट्टे, पुढे तपकिरी डाग. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) मर्यादा लिटरला १ मिग्रॅ., पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिग्रॅ. राज्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड हे यासाठी ओळखले जाणारे जिल्हे. पाणी उकळून फ्ल्युओराइड जात नाही.

म्युकर (बुरशीजन्य म्युकरमायकोसिस) : २०२१ च्या करोना लाटेनंतर मराठवाड्यात हे नाव घरोघरी पोचले. वरचे दात एकाएकी हलणे, एका गालाची सूज व बधिरता, टाळूवर काळा डाग, नाकातून काळपट स्राव. मधुमेह व स्टेरॉइड घेतलेल्यांत अधिक. अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला.

जन्मजात दोष : दुभंगलेला ओठ वा टाळू जगात साधारण ७०० जन्मांमागे एकात आढळतो, गरोदरपणी ग्रहणात चिरल्या-कापल्याने तो होत नाही. ओठाची शस्त्रक्रिया सामान्यतः तिसऱ्या महिन्यापासून, टाळूची वर्षाच्या आसपास. जन्मतः दात असणे अशुभ नव्हे; मात्र फार हलत असेल तर काढतात. नकाशासारखी जीभ, भेगाळ जीभ, गालातले पिवळसर कण हे दोष दिसले तरी रोग नव्हेत.

लाळग्रंथी : जेवताना जबड्याखाली येणारी व नंतर ओसरणारी सूज खड्याची सूचक.

सोयी : शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय (स्थापना १९८२) हे छत्रपती संभाजीनगर शहरातील घाटी रुग्णालयाच्या परिसरात, तर शासकीय कर्करोग रुग्णालय (२०१२) आमखास मैदानाजवळ आहे. ३० वर्षांवरील प्रत्येकाची पाच वर्षांतून एकदा मुखतपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात अभिप्रेत असून आशा कार्यकर्तीच्या प्रश्नावलीत तोंड उघडण्याचा त्रास, चट्टा व दोन आठवड्यांत न भरलेली जखम हे प्रश्न आहेत. सवय असलेल्याने पाच वर्षे थांबू नये. महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात ओठ उलटून, गाल ओढून, जीभ दोन्ही कडांना वळवून व वर उचलून पाहावे. कवळी असल्यास ती आधी काढावी, नाहीतर तिच्याखालचा चट्टा नजरेतून सुटतो.