चिठ्ठी कुणी आणली?

सेलू हे मनमाड-हैदराबाद मार्गावरचं स्टेशन. रझाकारांच्या काळात, वडील सांगत, गावात बातमी दोन वाटांनी यायची : निजामाच्या डेक्कन रेडिओवरून आणि गाडीतून उतरलेल्या माणसांकडून. दोन्हींचा मेळ बसत नसे. रेडिओवर निजामाची सरशी, माणसांच्या तोंडी जाळपोळ. 17 सप्टेंबर 1948ला हैदराबादच्या रेडिओवरूनच शरणागती जाहीर झाली. ''तेव्हापासून मी आधी विचारतो, बातमी आणली कुणी?'' आकाशवाणीत लागल्यावर मला हा त्यांचा संशयी स्वभाव वाटे.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. पहाटे 4च्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या केंद्रावरचे फोन थांबेनात. कुणीतरी चिठ्ठी पुढे सरकवली : आणखी एक गाव गेलं. मी माइककडे वळणार, तोच एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी चिठ्ठीवर हात ठेवला.

''कुणी आणली? त्या गावची पोरं मुंबईत असतील. नाव ऐकून त्यांचं काय होईल?''

मला राग आला. किल्लारी-सास्तूरकडे हजारो माणसं खरोखर गाडली गेली होती, आणि आम्ही थांबायचं? पण थांबलो. दुपारी कळलं, त्या गावात भिंती पडल्या होत्या. माणसं शाबूत होती.

पुढे सेलूला गेल्यावर वडिलांना हे सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, ''बाईंचं गाव कुठलं रे?''