कथलाचे माहेर



माझ्या लहानपणी आमच्या आळीत कल्हईवाला येत असे. जमिनीत भाता पुरून तो निखारा फुलवी, तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकी, कथलाची कांडी टेकवी आणि कापसाचा बोळा फिरवी. काळवंडलेले पितळ बघता बघता चांदीसारखे उजळे. हे कथील येते कोठून, असे मी त्याला एकदा विचारले. “बाजारातून,” तो म्हणाला. पुढे माझा जन्म कामगारांच्या सभांत आणि वाटाघाटींत गेला. कॉलेजची पायरी मी चढलो नाही. जे वाचले ते नगरवाचनालयाच्या बाकावर. पण तो प्रश्न मनात राहिला, आणि त्याचा माग काढीत मी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात जाऊन पोचलो. अर्थात पुस्तकांतूनच.

आपण काळ्या फत्तराच्या मुलखातली माणसे. सह्याद्रीचा दगड म्हणजे जमिनीवर येऊन पसरलेला लाव्हा. तो उघड्यावर लवकर थिजला, म्हणून त्याचा कण बारीक. ग्रॅनाइटची गोष्ट निराळी. तोही एके काळी वितळलेलाच होता, पण वर आला नाही. भूमीच्या पोटातच फार सावकाश निवला, म्हणून त्याचे स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसतात. कॉर्नवॉलचा ग्रॅनाइट सुमारे २९ ते २७ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याआधी दोन भूखंड एकमेकांवर आदळून मधला समुद्र मिटला होता. त्याच्या तळचा गाळ चुरगळून पाटीच्या दगडासारखा झाला. तिकडचे खाणकामगार त्याला ‘किलस’ म्हणत. पुढे दाब सैल पडला, खालून उष्णता वर चढली आणि खोलवरचे गाळाचे खडक वितळले. त्या रसाचा झाला ग्रॅनाइट. आज डार्टमूर, बॉडमिन, सेंट ऑस्टेल, लँड्स एंड अशी त्याची निरनिराळी टेकाडे वर दिसतात. खाली मात्र तो एकच अखंड कातळ आहे.

यात कथील कसे आले? साध्या खडकात ते टनामागे दोनतीन ग्रॅम असते. तेवढ्यासाठी कोणी कुदळ उचलणार नाही. पण सरबताचा बर्फ करताना आधी निव्वळ पाणी गोठते आणि साखर व रंग उरलेल्या रसात दाटत जातो, हे आपण पाहिले आहे. येथे तेच झाले. फेल्डस्पार, क्वार्ट्झ असे स्फटिक एकामागून एक जमत गेले. त्यांच्या घरात कथलाला जागा नव्हती. ते उरलेल्या रसात साठत राहिले. त्याच रसात पाणी, बोरॉन, फ्लोरिनही साठले. शेवटी कोंडलेल्या दाबाने वरचे छत तडकले, तप्त द्रव त्या भेगांत घुसला, आणि तो निवताना कॅसिटेराइट, म्हणजे कथलाचे जड काळपट खनिज, भेगांच्या कडांवर बसले. हीच खाणीतली शीर. ग्रॅनाइटच्या जवळ, उष्ण भागात कथील. त्याच्या वर व बाहेर तांबे. त्याहून दूर शिसे आणि जस्त, असा सर्वसाधारण क्रम लागला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस विद्वानांत मोठा वाद माजला होता. जर्मनीचा वेर्नर म्हणे, ग्रॅनाइट आद्य महासागराच्या पाण्यातून साचला. स्कॉटलंडचा हटन म्हणे, तो वितळून खालून घुसला. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर किलसमध्ये घुसलेल्या ग्रॅनाइटच्या फांद्या आजही दिसतात. त्या हटनच्याच बाजूने साक्ष देतात. रॉबर्ट वेअर फॉक्स याने तिथल्या खाणींत उष्णतामापक उतरवून दाखवले, की जितके खोल जावे तितकी उष्णता वाढते. खाली उतरणाऱ्या माणसांना हे अंगातल्या घामावरून केव्हाच माहीत होते!

कॅम्बोर्नजवळची डॉलकोथ ही मोठी तांब्याची खाण. खोल जाता जाता तांबे सरत आले. कॅप्टन चार्ल्स थॉमस या व्यवस्थापकाने आग्रह धरला, की आणखी खाली चला. खाली कथील होते, आणि डॉलकोथ ही कॉर्नवॉलची सर्वांत मोठी कथलाची खाण झाली.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. शीर कोठेही सारखी नसते. हातभर जाड असते आणि चार पावलांवर कागदासारखी पातळ होते. मग मजुरी ठरवायची कशी? मालकांनी तोड काढली. शिरेचे तुकडे पाडून ठरल्या दिवशी त्यांचा लिलाव होई. निघालेल्या खनिजाच्या दर पौंड किमतीमागे जो सर्वांत कमी शिलिंग मागेल, त्याच्या टोळीला तुकडा मिळे. दगड ओळखण्याची नजर हेच कामगाराचे भांडवल. शिरेचा रंग, तिचा कल, बाजूच्या कातळाचा मऊपणा पाहून तो मनाशी आडाखा बांधी आणि तो शेजाऱ्याला कळू देत नसे.

काही इतिहासकार या पद्धतीने कामगार स्वाभिमानी व स्वतंत्र झाला असे लिहितात. मला ते अर्धेच पटते. आमच्याकडे एका ओतशाळेत नगावर मजुरी होती. तिथला सर्वांत कसबी साचेवाला सभेला कधी आला नाही. आपली युक्ती दुसऱ्याला कळेल ही त्याला भीती. कॉर्नवॉलात असे हजारो होते. दगडाचे ज्ञान होते, पण ते प्रत्येकाच्या मुठीत बंद. १८६६ साली पूर्व भागात संघटनेचा प्रयत्न झाला, तो मालकांनी मोडून काढला. त्याच सुमारास तांब्याचा भाव कोसळला आणि माणसे परदेशी निघाली. १८८० नंतर त्यांतली काही आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतही आली.

मागे राहिलेल्यांच्या हाती यंत्राचा गिरमिट आला. ज्या क्वार्ट्झच्या सोबतीने कथील आले, त्याचीच धूळ आता छातीत बसू लागली. शास्त्रज्ञ हॉल्डेन यांच्या चौकशीचा अहवाल १९०४ साली निघाला. समुद्राखाली गेलेल्या लेव्हंट खाणीत माणसांना वरखाली नेणारे यंत्र २० ऑक्टोबर १९१९ रोजी तुटले आणि ३१ जण दगावले.

१९८५ साली कथलाचा जागतिक भाव ढासळला. साउथ क्रॉफ्टी ही शेवटची खाण मार्च १९९८ मध्ये बंद झाली, पंप थांबले आणि पाणी चढत गेले. ते उपसण्याचे काम २०२३ साली पुन्हा सुरू झाले. तेथे माणसे कोणत्या कराराने खाली उतरतील, हे मी वर्तमानपत्रात शोधीत असतो.