मोगली एरंडाचे माहेर

आम्हा इंदूरच्या मराठी घरांत एका झाडाला दोन नावे. आजी म्हणे 'मोगली एरंड', दूधवाला म्हणे 'रतनजोत'. (किराणा दुकानात तेलाला लाल रंग आणणारी रतनजोत मिळते ती मुळी अगदी निराळी, पुष्कळांची गल्लत होते.) हिंदी नाव ज्योतीचे, आणि बियांच्या तेलावर दिवाही जळतो. मराठी नावात मात्र झाड परमुलखातले असल्याची नोंद आहे.

ती नोंद खरी. फक्त मोगलांचा संबंध नाही. त्याचे माहेर मेक्सिको व मध्य अमेरिका. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते केप व्हर्डे बेटांवर आले आणि पुढे आफ्रिका-आशियात पसरले, असे मानतात. एकोणिसाव्या शतकात त्या बेटांवरचे बी लिस्बनला जाई. त्याच्या तेलाचा साबण होई, दिवे जळत.

आपल्याकडे ते कुंपणाला लागले, कारण गुरे तोंड लावीत नाहीत. बी विषारी. पण मेक्सिकोच्या काही भागांत याच झाडाचे बी भाजून खातात! माहेरी असे नाना वाण आहेत. बाहेर आले ते त्यांतले थोडेच, आणि तेही फांद्या रोवून वाढले. म्हणून भारतातील, चीनमधील व आफ्रिकेतील झाडे आनुवंशिक तपासणीत सख्ख्या भावंडांसारखी निघाली.

2003 साली नियोजन आयोगाच्या समितीने याच झाडाच्या तेलापासून बायोडिझेल करण्याची मोठी योजना मांडली. पडीक, कोरड्या जमिनीवर लाखो हेक्टर लागवड व्हायची होती. त्या लाटेत आमच्या शाळेच्या कडेनेही मुलांनी रोपे लावली. तेव्हा मी तरुण शिक्षक. रोपे कुठल्या बियांची, हे मी विचारलेच नाही. इतिहासाचा शिक्षक असून!

झाडे जगली. बी निघाले मूठभर. पाणी तुटले की हे झाड मरत नाही, पाने गाळून उभे राहते. पण मादीफुले मुळातच थोडी, ती आणखी घटतात, बी बारीक राहते, आणि त्यात तेल भरत नाही. जगणे आणि फळणे यांतला हा फरक योजनेत कुणी नीट मोजला नव्हता. शिवाय बियांसाठी निवडलेला वाण कुणाच्याच हाती नव्हता. 2009 च्या राष्ट्रीय धोरणाने 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले होते; रतनजोतीच्या भरवशावर ते गाठता आले नाही.

आमची रांग अजून उभी आहे. गुरे आत येत नाहीत.