पाणचक्की : इतिहास आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना
पवनचक्की म्हटले की हॉलंडचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु निसर्गशक्तीवर चालणाऱ्या गिरणीचे एक उत्तम उदाहरण महाराष्ट्रातही आहे. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथील पाणचक्की हे ते उदाहरण होय. प्रस्तुत लेखात तिच्या इतिहासाचा व जतनाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी
मलिक अंबरने इ.स. १६१० मध्ये खडकी हे नगर वसविले आणि भूमिगत नहरींद्वारे तेथे पाणी आणले. हेच नगर पुढे औरंगाबाद म्हणून ओळखले गेले. नहरींची ही परंपरा नंतरच्या काळातही चालू राहिली. खाम नदीकाठी नक्षबंदी परंपरेतील सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, त्यांचे शिष्य शाह महमूद यांच्या काळात, या परिसराचा विस्तार झाला. चक्कीच्या उभारणीचे श्रेय निजामुल्मुल्क आसफजाह यांच्या पदरी असलेल्या तुर्कताजखान या सरदारास दिले जाते. येथे दळलेले पीठ दर्ग्यातील फकीर, विद्यार्थी व यात्रेकरू यांच्या अन्नासाठी वापरले जाई.

रचना व कार्यपद्धती
शहराच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातून सुमारे ६ कि.मी. अंतरावरून मातीच्या बंद नळांतून पाणी येते. मार्गातील उंच मनोऱ्यांमुळे पाण्याचा दाब राखला जातो. अखेरीस ते उंचावरून हौदात कोसळते. या प्रवाहाच्या माऱ्याने पात्यांचे चक्र फिरते व चक्राच्या आसाबरोबर जात्याचा वरचा दगड फिरू लागतो. हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत असल्याने ते दालन उन्हाळ्यातही थंड राहते.

जतनाचा प्रश्न
कोल्हापूरच्या वाचकांस 'पाण्याचा खजिना' हे स्थलनाम परिचित आहे. कळंबा तलावाचे पाणी ज्या व्यवस्थेने शहरात येई ती मागे पडली, नाव तेवढे राहिले. पाणचक्कीबाबत हीच भीती आहे. शहराच्या वाढीत नहरींच्या मार्गावर बांधकामे झाली व त्या ठिकठिकाणी क्षतिग्रस्त झाल्या. अशा स्थितीत केवळ हौद, कारंजी व चक्कीची इमारत यांची डागडुजी केल्यास वास्तू टिकेल, पण चक्की टिकणार नाही.

या संदर्भात नेदरलँड्सचा अनुभव उद्बोधक आहे. किंडरडाइक येथील १९ पवनचक्क्यांपैकी बहुसंख्य इ.स. १७४० च्या सुमाराच्या, म्हणजे पाणचक्कीच्या जवळजवळ समकालीन आहेत. १९९७ मध्ये कालवे व बांध यांसह त्या संपूर्ण परिसरास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथे १९७२ पासून स्वयंसेवी चक्कीचालकांची संघटना कार्यरत आहे. २०१७ मध्ये युनेस्कोने पवनचक्की व पाणचक्की चालविण्याच्या तेथील कौशल्याचाच अमूर्त वारसा म्हणून समावेश केला. चक्की फिरती राहिली तरच ती टिकते, हे त्यामागील तत्त्व होय.

निष्कर्ष
पाणचक्की ही एकटी वास्तू नसून उगमापासून जात्यापर्यंतची एक अखंड यंत्रणा आहे. म्हणून नहरीच्या संपूर्ण मार्गाचे सर्वेक्षण, त्यावरील बांधकामास प्रतिबंध, नळांची व मनोऱ्यांची दुरुस्ती आणि चक्की चालविणाऱ्यांचे प्रशिक्षण ही कामे प्रथम हाती घेणे आवश्यक आहे. नहर आटली तर पाणचक्कीत पाहण्यासारखे पुष्कळ उरेल. परंतु तिच्या नावातील 'पाणी' आणि 'चक्की' हे दोन्ही शब्द निरर्थक होतील.