तळावर थांबल्याशिवाय गोष्ट कळत नाही

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय वाचून काही जण म्हणतील, गुरुजींना म्हातारचळ लागला. चालेल. चाळीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं, आता पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर नातवाकडून संगणकावरच्या खेळांचा इतिहास शिकतोय.

झालं असं. दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता. दिवसभर लॅपटॉपला चिकटलेला. मी मागे जाऊन उभा राहिलो, म्हटलं किती जणांना मारलं ते तरी बघू. तर पडद्यावर मारामारी नव्हतीच. रात्र, शेकोटी, भोवती सहा-सात माणसं, आणि हा एकेकापाशी जाऊन बोलत होता. मी विचारलं, "अरे, लढाई संपली ना? मग पुढे का जात नाहीस?" तो म्हणाला, "आजोबा, तळावर थांबून यांच्याशी बोलावं लागतं. तसंच पुढे गेलं तर खेळ चालू राहतो, पण यांची गोष्ट कळतच नाही."

ते वाक्य डोक्यात राहिलं. माझं इंग्रजी मराठी माध्यमातल्या बीएचं, त्यामुळे तो वाचून सांगायचा आणि मी प्रश्न विचारायचो. सुट्टीचे पंधरा दिवस असेच गेले. नंतर मीही थोडं शोधलं. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

या सगळ्याचं मूळ संगणकात नाही, कागदावर आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि एकाने गोष्ट पुढे न्यायची. त्यात पैसे देऊन माणसं बरोबर घेण्याची सोय होती. तुमच्या पात्राच्या अंगी प्रभाव किती, यावर किती माणसं ठेवता येतील आणि ती किती इमानी राहतील हे ठरायचं. म्हणजे सोबती होता, पण नोकर म्हणून. त्याचं गाव कुठलं, घरी कोण आहे, याच्याशी नियमांना देणंघेणं नव्हतं. त्याच्या नावापुढे फक्त पगार.

संगणकावर आल्यावर सुरुवातीला फार फरक पडला नाही. १९८१ च्या 'विझर्डरी'मध्ये सहा जणांची तुकडी खेळणाऱ्यानेच तयार करायची. नाव तुम्ही ठेवायचं, जात-कुळी तुम्ही निवडायची. मेला तर दुसरा तयार करायचा. आता यात खेळ करणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्या काळच्या अ‍ॅपल संगणकाच्या फ्लॉपीच्या एका बाजूला जेमतेम १४० किलोबाइट मजकूर मावायचा. तेवढ्यात नकाशे, राक्षस, हिशेब सगळं बसवायचं. पूर्वकथेला जागा कुठून आणणार?

पहिलं वळण मला १९८५ च्या 'अल्टिमा ४' मध्ये दिसतं. रिचर्ड गॅरियट हा त्याचा कर्ता. या खेळात मारायला मोठा दुष्ट राजा नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता असे आठ सद्गुण अंगी बाणवायचे आणि 'अवतार' व्हायचं. हो, आपलाच शब्द. प्रत्येक गुणाचं एक गाव, आणि प्रत्येक गावाशी निगडित एक सोबती. एक गुण तुमचा, उरलेले सात सोबत्यांचे. ते सातही बरोबर घेतल्याशिवाय खेळ पूर्ण होत नाही. गॅरियटने यातले काही सोबती आपल्या खऱ्या मित्रांवरून बेतले होते. पुढच्या भागांत तेच मित्र पुन्हा पुन्हा भेटत राहिले. १९९२ च्या सातव्या भागात तर तुम्ही चोरी करू लागलात की सोबती बोलून दाखवतात, आणि ऐकलं नाहीत तर सोडूनही जातात. नोकर मालकाला असं बोलत नाही. बोलतो तो मित्र.

जपानमध्ये वेगळी वाट होती. तिथे सोबती निवडायचे नसत, गोष्टच त्यांना आणायची आणि घेऊनही जायची. १९९७ च्या 'फायनल फँटसी ७' मध्ये एरिथ नावाची मुलगी खेळाच्या मधेच मारली जाते आणि काही केलं तरी परत येत नाही. तेव्हा जगभरची पोरं रडली होती म्हणे. नातवाच्या मते हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, म्हणून पुढे जातो.

आता मुख्य गोष्ट. कॅनडातल्या एडमंटन शहरात १९९५ साली तीन डॉक्टरांनी 'बायोवेअर' नावाची कंपनी काढली. डॉक्टर म्हणजे खरेच, वैद्यकीय पदवीवाले. १९९८ साली त्यांचा 'बाल्डर्स गेट' आला, पाच सीडींवर. फ्लॉपीच्या मानाने केवढी ऐसपैस जागा! त्यात पंचवीस सोबती होते. एका वेळी पाच बरोबर घ्यायचे. मिन्स्क नावाचा एक दांडगा, डोक्याला मार लागलेला योद्धा. हातात मोठी तलवार आणि बरोबर बू नावाचा हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा पाळीव जीव. त्याच्याशी तो सल्लामसलत करतो. जाहेरा आणि खालिद हे नवरा-बायको. ती फटकळ, तो अडखळत बोलणारा आणि जरा भित्रा. सरळ माणसं आणि दुष्ट माणसं एकत्र घेतली तर ती आपसांत भांडतात. पण खरं सांगायचं तर या पहिल्या भागात सोबती म्हणजे स्वभावाची एखादी रेघ. एक लकब, दोन-चार वाक्यं, संपलं.

दुसरा भाग २००० साली आला आणि त्या रेघांची माणसं झाली. सुरुवातीलाच तुम्ही एका जादूगाराच्या कैदेतून सुटता. बरोबर जाहेरा असते. तळघरात खालिदचं प्रेत सापडतं. पहिल्या भागात ज्याच्या अडखळण्याला आपण हसलो तो असा पडलेला, आणि ती बाई रडायलाही न थांबता पुढे चालते. एरी नावाची एक मुलगी सर्कशीत भेटते. तिला पूर्वी पंख होते. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पकडून पिंजऱ्यात ठेवलं, त्यात पंख खराब झाले आणि कापावे लागले. आणि मुख्य म्हणजे हे सोबती आता तुम्ही विचारायची वाट बघत नाहीत. चालता चालता मधेच थांबवून स्वतःचं सांगू लागतात.

त्यातल्या केल्डॉर्नपाशी मी अडकलो. हा म्हातारा धर्मयोद्धा. सगळं आयुष्य कर्तव्यात गेलेलं, कधीही बोलावणं आलं की निघाला. एकदा तो म्हणतो, घरी जाऊन येऊ. घरी बायको आणि दोन मुली. आणि तिथे कळतं की त्याच्या सततच्या गैरहजेरीत बायको दुसऱ्या एका गृहस्थाच्या सहवासात रमली आहे. ती कबूल करते. एकटी पडले होते, म्हणते. केल्डॉर्नपुढे दोन वाटा. कायद्याकडे जावं, म्हणजे दोघांना कठोर शिक्षा. नाहीतर बसून बायकोशी बोलावं. आणि तो तुम्हाला विचारतो, मी काय करू?

मी नातवाला म्हटलं, "तू काय सांगितलंस?" तो म्हणाला, "घरी बोल म्हटलं. चूक त्याचीही होती ना, आजोबा."

मी काही बोललो नाही. त्याचं कारण पुढे येईल.

याच सुमारास, १९९९ साली, 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' नावाचा एक खेळ आला होता. ख्रिस अ‍ॅव्हेलोन हा त्याचा प्रमुख रचनाकार. यातला नायक मरत नाही, पण प्रत्येक मरणानंतर सगळं विसरतो. आणि त्याच्या सोबत्यांना मात्र सगळं आठवतं. डॅकॉन नावाचा एक अबोल तलवारबाज त्याच्या मागे चालत असतो. का, ते सांगत नाही. खोदून खोदून विचारलं तर कळतं. एकेकाळी त्याची श्रद्धा डळमळली, त्यापायी त्याच्या लोकांचं शहर पडलं आणि तो मरायला टेकला. नायकाच्याच एका जुन्या जन्माने त्याला त्याच्या धर्माची शिकवण कोरलेलं एक चक्र देऊन वाचवलं. कृतज्ञतेने त्याने शपथ घेतली, तुझ्या मरणापर्यंत तुझी सेवा करीन. पण नायक तर मरतच नाही! अशी ही भीष्मप्रतिज्ञा. आणि त्या जुन्या जन्माने हे दयेपोटी केलं नव्हतं. त्याला डॅकॉनची तलवार कामी यायची होती. म्हणजे सोबत्याची पूर्वकथा विचारायला गेलो आणि आपलाच अपराध सापडला.

हे मला फार मोठं वाटलं. शाळेत आम्ही इतिहास राजांचा शिकवला. राजा कुठे गेला, काय जिंकलं. बरोबरचे लोक 'आणि त्यांचे साथीदार' एवढ्या शब्दांत आटपले. साथीदाराच्या तोंडून तीच मोहीम ऐकली तर राजा कसा दिसेल, हा प्रश्न मी कधी फळ्यावर लिहिला नाही.

पुढे या गोष्टींना एक खोडही लागली. २००९ च्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये सोबत्याला तुम्ही किती आवडता याचा आकडा दिसतो, उणे शंभर ते अधिक शंभर. भेटवस्तू दिली की आकडा वाढतो. मला हे पटलं नाही. मार्क मोजण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला आकड्यांचा खोटेपणा कळतो! पण त्याच खेळात स्टेन आहे. पिंजऱ्यात कोंडलेला एक धिप्पाड योद्धा, एका शेतकरी कुटुंबाचा खुनी. तो नाकारत नाही. जखमी अवस्थेत त्या लोकांनीच त्याला आसरा दिला होता. शुद्धीवर आला तर तलवार जवळ नाही. त्याच्या लोकांत तलवार म्हणजे आत्मा. घाबरून त्याने जवळच्या सगळ्यांना मारलं. ती तलवार हरवली कशी, कुठे गेली, हे तुम्ही शोधायचं आणि आणून द्यायची. मेलेले परत येत नाहीत, खेळही तसं सोंग करत नाही.

आणि आता नातवाच्या लॅपटॉपवरची शेकोटी. तो 'बाल्डर्स गेट ३', बेल्जियममधल्या गेंटच्या लॅरियन स्टुडिओने २०२३ साली आणलेला. त्यात तळावर मुक्काम केला नाही तर सोबत्यांचे कितीतरी प्रसंग घडतच नाहीत. आणि त्यात जाहेरा पुन्हा भेटते! तीच, १९९८ ची. कथेत शंभरहून जास्त वर्षं उलटलीत. ती अर्धी एल्फ, म्हणजे माणसाहून दीर्घायुषी, तरी केस पांढरे झालेत. शहरात तिचं घर आहे, तिथे तिने अनाथ मुलं वाढवलीत. आणि मोठी मुलगी तिला फाडफाड बोलते, तू नेहमी मोहिमेवर, घरी कधी असतेस? पंचवीस वर्षांत खेळ करणारे बदलले, कंपनी बदलली, देश बदलला, पण केल्डॉर्नच्या घरचा प्रश्न तोच राहिला.

आता माझ्या गप्प बसण्याचं कारण.

१९७९ साली माझी बदली लांबच्या खेड्यातल्या शाळेत झाली. अडीच वर्षं मी तिकडे, ही इकडे, माझ्या आईला आणि दीड वर्षाच्या मुलाला घेऊन. शनिवारी रात्री यायचो, रविवारी संध्याकाळी परत. त्यातही कधी पेपर तपासणी, कधी निवडणुकीचं काम, कधी जनगणना. लोक म्हणायचे, गुरुजी कर्तव्याला चोख. मलाही ते ऐकायला आवडायचं. त्याच सुमारास हिने टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी अर्ज केला होता, परीक्षाही दिली होती. पुढे काही झालं नाही, म्हणजे जमलं नसेल, असं मी धरून चाललो. विचारलं नाही.

नातू गेल्यावर एका संध्याकाळी ही भाजी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि विचारलं, "त्या टेलिफोनच्या नोकरीचं पुढे काय झालं होतं गं?"

तिने मान वर केली. म्हणाली, "आता विचारताय होय?" थोड्या वेळाने म्हणाली, "पत्र आलं होतं. रात्रपाळी होती. सासूबाईंना आणि बाळाला कोणावर टाकणार? फाडून टाकलं."

पंचेचाळीस वर्षं. बरोबर चालत होती, आणि मला वाटत होतं की मला सगळं ठाऊक आहे.

त्यानंतर ती बराच वेळ बोलली. सगळं इथे लिहिणार नाही. ती तिची गोष्ट आहे, आणि ती हा ब्लॉग वाचते. एवढंच सांगतो, त्या रात्री जेवायला साडेदहा वाजले आणि भाजी निवडायची राहिलीच.

खेळातल्या सोबत्याची गोष्ट राहून गेली तर पुन्हा पहिल्यापासून खेळता येतं. नातवाने केल्डॉर्नची गोष्ट दोनदा खेळून पाहिली आहे. आपल्याला ती सोय नाही. पण मुक्काम करायची सोय आहे, आणि विचारायचीही.

असो. आज इतकंच. काही नावं उच्चारात चुकली असतील तर तरुण मंडळींनी सांभाळून घ्यावं.