डॉल्फिन किकची कुळकथा

पोहताना दोन्ही पाय जोडून छातीपासून पावलांपर्यंत खालीवर सोडलेली लाट म्हणजे डॉल्फिन किक. बटरफ्लायमधील वेगाचा मोठा भाग तिच्यातून येतो. तिची सुरुवात मात्र ब्रेस्टस्ट्रोकमध्ये झाली.

१९३०च्या दशकात ब्रेस्टस्ट्रोकच्या नियमांनुसार दोन्ही हात एकाच वेळी पुढे न्यावे लागत. ते पाण्याखालून न्यायचे की पाण्यावरून, हे नियमांत नव्हते. या मोकळिकीचा फायदा घेऊन काही जलतरणपटू हात पाण्यावरून फेकू लागले. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर यांनी १९३४च्या सुमारास ही हातांची फेक घोटून घेतली. पाय मात्र जुन्याच पद्धतीने, बेडकासारखे चालत. फटक्यासाठी गुडघे पोटाकडे ओढले की मांड्या पाण्याला आडव्या येत आणि हातांनी कमावलेला वेग तिथेच गळून जाई.

त्यावरचा उपाय आर्मब्रस्टर यांचा शिष्य जॅक सीग याने १९३५ साली शोधला. कुशीवर पडून, पाय जुळवून, तो माशाच्या शेपटीसारखे फटके मारून पाहत होता. मग तीच हालचाल त्याने पालथे होऊन केली, आणि खरी किमया या पालथे होण्यात होती. हातांच्या एका फेरीला पायांचे दोन फटके अशी सांगड बसली. सीगने १०० यार्ड अंतर १ मिनिट ०.२ सेकंदांत कापल्याचे आर्मब्रस्टर सांगत.

या किमयेचे कारण पाठीच्या कण्यात आहे. माशाचा कणा डावीउजवीकडे वळतो, म्हणून त्याची शेपटी उभी असते. डॉल्फिन सस्तन प्राणी आहे. त्याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालत. धावणाऱ्या सस्तन प्राण्याचा कणा खालीवर लवतो, आणि पाण्यात गेल्यावरही तो तसाच लवत राहिला. म्हणून डॉल्फिनची शेपटी आडवी. माणसाचा कणाही पुढेमागे जितका वाकतो तितका बाजूंना वाकत नाही. सीग माशाची नक्कल करायला निघाला आणि पोहोचला आपल्याच दूरच्या नातेवाइकापाशी. अर्थात ही नक्कल अर्धीच साधते. डॉल्फिनची शेपटी वर जातानाही जोर लावते. माणसाचा गुडघा एकाच दिशेने वाकत असल्याने त्याचा वर जाणारा फटका दुबळा राहतो.

पाय खालीवर हलवणे ब्रेस्टस्ट्रोकच्या नियमांत बसत नव्हते, त्यामुळे किक अवैध ठरली. हातांची नवी फेक तेवढी चालू राहिली. अखेर १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकनंतर या फेकीचा बटरफ्लाय हा वेगळा प्रकार झाला आणि त्यात किकला मान्यता मिळाली. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये या प्रकाराची पहिली सुवर्णपदके अमेरिकेच्या विल्यम योर्झिक आणि शेली मान यांनी जिंकली. ब्रेस्टस्ट्रोकने एकच किक स्वीकारली, तीही २००५ मध्ये.

पुढचा टप्पा पाण्याखालचा. पृष्ठभागावर पोहणाऱ्याची बरीच शक्ती लाटा उठवण्यात खर्च होते. पुरेशा खोलीवर हा खर्च वाचतो. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये डेव्हिड बर्कॉफने १०० मीटर बॅकस्ट्रोकच्या प्राथमिक फेरीत सुरुवातीचे तीस मीटरहून अधिक अंतर पाण्याखाली किक मारत कापले आणि ५४.५१ सेकंदांचा विश्वविक्रम केला. अंतिम शर्यत जपानच्या दाइची सुझुकीने जिंकली. तोही बराच वेळ पाण्याखालीच होता. पोहण्याची शर्यत बुडी मारण्याची शर्यत होईल, ही भीती रास्तच होती. बॅकस्ट्रोकमध्ये पाण्याखालच्या अंतरावर आधी १० आणि मग १५ मीटरची मर्यादा आली. १९९६ मध्ये रशियाच्या डेनिस पान्क्रातोव्हने बटरफ्लायमध्ये तशीच लांब बुडी मारून सुवर्ण जिंकले. १९९८ मध्ये तिथेही १५ मीटरची रेघ आखली गेली.

त्याच काळात अमेरिकेच्या मिस्टी हायमनने प्रशिक्षक बॉब गिलेट यांच्याबरोबर कुशीवर वळून, म्हणजे खरोखर माशासारखी, किक घोटली होती. खालीवर फटक्यांतून सुटणारे भोवरे पृष्ठभागावर आणि तळावर आपटतात; आडव्या फटक्यांच्या भोवऱ्यांना पसरायला जागा मिळते, हा त्यामागचा विचार. कणा लवतो तो नेहमीच्याच दिशेने, वळते ते फक्त शरीर. नव्या मर्यादेने या किकचा बराचसा लाभ काढून घेतला, तरी २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये हायमनने २०० मीटर बटरफ्लायचे सुवर्ण २ मिनिटे ५.८८ सेकंदांत जिंकले.