ज्ञानकोशाचे नागपूर

श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ आपल्या मनात पुण्याशी जोडलेला असतो. त्याचा संसार मात्र प्रथम नागपुरात मांडला गेला. १९१६ मध्ये केतकरांनी तेथे ‘ज्ञानकोश मंडळ’ स्थापन केले, आणि तेही मर्यादित कंपनी म्हणून! वाङ्मयेतिहास या तपशिलावरून एका वाक्यात पुढे सरकतो. आम्हांला तेच कोशाचे पहिले प्रकरण वाटते.

मोठा ग्रंथ काढायचा तर एखाद्या संस्थानिकाचा दरवाजा ठोठवावा, ही जुनी वाट. केतकर लोकांकडे गेले, भाग आणि वर्गणी मागत. दान देणाऱ्याचा संबंध पैसे देताच संपू शकतो. भागधारक मात्र पुढचा खंड केव्हा, असे विचारीत राहतो. दिदेरोचा फ्रेंच विश्वकोशही अठराव्या शतकात वर्गणीदारांच्याच बळावर उभा राहिला होता. केतकरांचे धाडस अधिक अशासाठी की, त्यांच्या नागपुरात तेव्हा विद्यापीठही नव्हते; ते १९२३ चे. पहिला खंड निघाला १९२० मध्ये. म्हणजे चार वर्षे लोकांनी पैसे गुंतवले ते न छापलेल्या पानांत.

त्यांना दाखवण्यासारखे केतकरांपाशी काय होते? कॉर्नेलची डॉक्टरेट, जातिसंस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ, आणि एक हट्ट: जगाचे ज्ञान मराठीत आणायचे, पण जगाकडे पाहायचे ते येथे उभे राहून. पहिल्या खंडाचे नावच ‘हिंदुस्थान आणि जग’. अशी मागणी ऐकणाऱ्याला मदतनीस न ठेवता कर्त्यांच्या पंक्तीत बसवते. ती नाकारणे जड जात असावे.

पुढे कार्यालय पुण्यास गेले आणि १९२९ पर्यंत तेवीस खंड पुरे झाले. या कामात तयार झालेले य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे नंतर ‘महाराष्ट्र शब्दकोशा’च्या संपादकांत दिसतात, मराठी कोशवाङ्मयाची एक पिढीच या कचेरीत घडली. केतकरांचे स्वतःचे अखेरचे दिवस मात्र ओढगस्तीत गेले. १९३७ मध्ये ते वारले.

‘ज्ञानकोशकार’ ही पदवी आपण एकवचनीच वापरतो. मजकूर लिहिणारे, मुद्रिते तपासणारे, भाग घेणारे तिच्यात मावत नाहीत. १९२७ मध्ये केतकरांनी या उद्योगाची हकीकत लिहिली, तिचे नाव ‘माझे बारा वर्षांचे काम ऊर्फ ज्ञानकोश मंडळाचा इतिहास’. त्यातला ‘ऊर्फ’ आम्हांला फार बोलका वाटतो.